नऊ महिन्यांचं बाळ आणि घरातली ती ट्यूब

बाळ नऊ महिन्यांचं, मुलगा. वजन ८ किलो २०० ग्रॅम, वाढ वयाप्रमाणे, लसी वेळेवर. घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. आई बँकेत नोकरीला, बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झालेली. दिवसभर बाळ आजीकडे. तक्रार एका ओळीची होती: "खालची जागा लाल झालीय मॅडम, औषध लावलं की बसते, थांबवलं की पुन्हा येते." (ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय भाग जसा घडला तसा आहे.)

डायपरची रॅश घेऊन येणारी बाळं आमच्याकडे रोज असतात आणि त्यांतली बहुतेक दोन-चार दिवसांत बरी होतात. या बाळाची नोंद सविस्तर लिहायचं कारण म्हणजे साधी रॅश कशी बिघडते त्याच्या सगळ्या पायऱ्या इथे ओळीने सापडल्या.

आधी काय घडलं

जुलैचा महिना, पावसाची झड लागलेली. बाळाला सर्दी झाली, कान दुखायला लागला, म्हणून एका दवाखान्यातून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ऍसिडचं अँटिबायोटिक सिरप सुरू झालं. तिसऱ्या दिवसापासून पातळ शी, दिवसाला सात-आठ वेळा. या औषधाने लहान मुलांना जुलाब होणं नेहमीचंच आहे. एरवी घरात दिवसा लंगोट आणि रात्री डायपर असा रिवाज होता. पण पावसात लंगोट वाळेनात. दोरीवर दोन दिवस टांगूनही हाताला गारच लागायचे, आणि जुलाबांमुळे लागायचे मात्र दुप्पट. म्हणून डायपर चोवीस तासांवर गेलं. पाकिटावर 'बारा तासांपर्यंत कोरडं' असं छापलेलं होतं, त्यामुळे डायपर जड लागेपर्यंत बदलायची घाई कुणी करत नव्हतं.

ढुंगणावर लाली दिसली तेव्हा आजींनी खोबरेल लावलं आणि वरून पावडर टाकली. कमी होईना म्हणून वडिलांनी घरातलीच एक ट्यूब दिली. ती त्यांनी मेडिकलमधून स्वतःच्या जांघेतल्या नायट्यासाठी आणलेली होती, चिठ्ठीशिवाय. दोन दिवसांत बाळाची लाली जवळपास गेली. घरच्यांना वाटलं, औषध सापडलं. लावायचं थांबवल्यावर लाली परत आली आणि या वेळी जांघेतही उतरली. मग ट्यूब पुन्हा सुरू. असं दोनदा झाल्यावर ते माझ्याकडे आले.

ट्यूब सोबत आणा, असं मी फोनवर सांगितलं होतं. रॅशच्या रुग्णाला हे मी नेहमी सांगते, कारण "ती पांढरी ट्यूब" या वर्णनात बाजारातली निम्मी औषधं बसतात. ट्यूबवर चार नावं होती: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन.

तपासणी

बाळ हसरं, ताप नाही, पाणी कमी झाल्याची लक्षणं नाहीत. डायपर काढताना मात्र रडलं. पुसायला हात लावला की आणखी जोरात रडलं.

डायपर रॅश बघताना नुसता लाल भाग बघून भागत नाही. लाल कुठे आहे आणि कुठे नाही, हे बघायचं असतं. ओल्याने आणि शीने होणारी साधी रॅश फुगीर भागांवर येते: ढुंगणाचे गोल, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोटाचा खालचा भाग. म्हणजे जिथे डायपर घासतो तिथे. घड्या त्यातून बऱ्याचदा सुटतात, कारण घडीच्या तळाशी डायपर पोचतच नाही. या बाळाच्या मांड्या मी बाजूला केल्या तर जांघेच्या घडीच्या तळापर्यंत गडद लाल, ओलसर, चकचकीत कातडी. कड स्पष्ट, कडेला कागदासारखा पातळ पापुद्रा. त्या कडेच्या बाहेर, चांगल्या कातडीवर, सुट्ट्या सुट्ट्या लाल पुळ्या, काहींच्या टोकाला पुवाचा ठिपका. अंडकोषाची पिशवीही लाल आणि सुजरी. मुख्य चट्ट्याच्या आजूबाजूला विखुरलेल्या या पुळ्या दिसल्या की कँडिडा नावाच्या बुरशीचा विचार आधी करायचा.

मग तोंड बघितलं. हे बऱ्याचदा राहून जातं. गालांच्या आतल्या बाजूला दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके, जीभ दाबायच्या पट्टीने पुसले तरी न निघणारे. आईला विचारलं, अंगावर पाजताना दुखतं का? ती म्हणाली, गेले काही दिवस स्तनाग्रं चुरचुरतात, पण तिला वाटलं बाळाला दात येताहेत म्हणून असेल.

कडेचा पापुद्रा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घालून मायक्रोस्कोपखाली बघायला पाठवला. प्रत्येक रॅशला ही तपासणी लागत नाही, डोळ्यांनी निदान होतं. इथे करून घेतली, कारण वडिलांना नायटा होता आणि तीच बुरशी बाळाला लागली असण्याची शक्यता होती. नायट्याची बुरशी असती तर नुसते लांब फाटे फुटलेले धागे दिसले असते. इथे अंकुर फुटलेल्या गोल पेशी आणि त्यांच्या माळेसारख्या साखळ्या दिसल्या. कँडिडाच.

एक गोष्ट पालकांसाठी. पुस्तकांत आणि इंटरनेटवर डायपर रॅशचे जे फोटो असतात ते बहुतेक गोऱ्या बाळांचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तसा टोमॅटोसारखा लाल रंग दिसेलच असं नाही. तांबूस, जांभळट, कधी नुसती काळपट छटा असते. अशा वेळी रंगापेक्षा चकाकी, ओल, पापुद्रा आणि हात लावल्यावर बाळाचं रडणं या खुणा जास्त उपयोगी पडतात.

असं का झालं

डायपर रॅशचा दोष बरीच वर्षं लघवीतल्या अमोनियाला दिला जात होता. १९२१ साली कुक या अमेरिकन डॉक्टरांनी शीतले जीवाणू लघवीतून अमोनिया तयार करतात हे दाखवलं आणि तेव्हापासून हे उत्तर पक्कं धरलं गेलं. पुढच्या संशोधनात, विशेषतः १९८० च्या दशकात, चित्र बदललं. नुसता अमोनिया धडधाकट कातडीला फारसं काही करत नाही. खरी खोडी शी आणि लघवी एकत्र येण्यात आहे. कातडीचा पृष्ठभाग एरवी किंचित आम्ल असतो, पीएच साधारण साडेपाच. शीतले जीवाणू लघवीतला युरिया फोडतात, अमोनियामुळे आम्लपणा कमी होतो, आणि तसा तो कमी झाला की शीतली प्रथिनं व चरबी पचवणारी विकरं जोरात कामाला लागतात. पोटात अन्न पचवणारी ही विकरं मग बाहेर बाळाच्या कातडीवर काम करायला लागतात. त्यात ती कातडी ओलीने फुगलेली असते आणि फुगलेली कातडी घासली की लवकर सोलवटते.

पातळ शीत ही विकरं जास्त असतात, म्हणून जुलाबांत एका दिवसात ढुंगण लाल होतं. फक्त अंगावरच्या दुधावर असणाऱ्या बाळांच्या शीत त्यांचा जोर कमी असतो, त्यामुळे त्यांना रॅश कमी होते. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान रॅशचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसतं, त्यामागे वरचं अन्न सुरू झालेलं असणं हे एक कारण. आपलं बाळ नेमकं त्याच वयाचं.

इथवर ही साधी रॅश होती. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जीवाणू कमी केले, कँडिडाला मोकळं रान मिळालं, आणि बंद, उबदार, ओली जागा तयारच होती. त्यावर ती ट्यूब लावली गेली.

तिच्यातलं क्लोबेटासोल हे बाहेरून लावायच्या स्टिरॉइडांत सगळ्यात तीव्र गटातलं आहे. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून दोन दिवसांत 'गुण' दिसतो. पण त्याच वेळी कातडीची प्रतिकारशक्तीही दाबली जाते आणि बुरशी खाली निवांत पसरते. टर्बिनाफिन हे बुरशीविरोधी औषध त्यात होतं हे खरं, पण त्याचा खरा जोर नायट्याच्या बुरशीवर आहे, कँडिडावर ते तितकं चालत नाही. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल या जंतूंवरच्या औषधांचं तर इथे काहीच काम नव्हतं. चार औषधांपैकी एकही या बाळाच्या कामाचं नाही आणि एक सरळ घातक, असा तो हिशेब.

घातक हा शब्द मी जपून वापरते आहे. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मेबॅक या संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावलेलं हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड किती शोषलं जातं हे मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागाला १ धरलं तर अंडकोषाच्या पिशवीला तो आकडा ४२ आला. हे मोठ्या माणसांवरचं मोजमाप. बाळाचं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, आणि वरून डायपरचं झाकण, म्हणजे शोषण आणखी वाढणार. अशा क्रीमांच्या लांबलेल्या वापराने बाळाचा चेहरा चंद्रासारखा गोल होणं, वाढ खुंटणं, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावणं, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्या बाळात तसं काही नव्हतं. वापर थोड्या दिवसांचा होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाहेरून लावायची चौदा स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तालुक्याच्या बाजारात मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहिलं की ती यादी किती पाळली जाते ते कळतं.

उपचार

ट्यूब त्याच क्षणी बंद. काही डॉक्टर अशा वेळी तीव्र स्टिरॉइड सोडताना तीन-चार दिवस १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन देतात, आणि त्यात चूक नाही. मी दिलं नाही, कारण वापर कमी दिवसांचा होता आणि या घराला आता स्टिरॉइडपासून पूर्ण लांब ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पहिल्या एक-दोन दिवसांत लाली वाढल्यासारखी दिसेल, घाबरून जुन्या ट्यूबकडे जाऊ नका, हे आधीच सांगून ठेवलं.

लावायला १ टक्का क्लोट्रिमॅझोल हे बुरशीविरोधी औषध, पातळ थर, दिवसातून तीन वेळा. ते जिरलं की वर झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम, ते मात्र प्रत्येक वेळी डायपर बदलताना. झिंक ऑक्साइड कातडी आणि शी यांच्यामध्ये भिंत उभी करतं, म्हणून ते जाडच लावायचं. बहुतेक घरांत ते चेहऱ्याच्या क्रीमसारखं चोळून जिरवतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. पुढच्या वेळी पुसताना हा थर खरवडून काढायचा नाही. फक्त घाण झालेला वरचा भाग काढायचा, खालचा राहू द्यायचा, त्यावर नवा थर. हट्टाने सगळं पुसणं हेच कित्येक बाळांची रॅश न बरी होण्याचं कारण असतं. झिंक ऑक्साइड मिळालं नाही तर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली चालते.

तोंडातल्या बुरशीसाठी दूध पाजल्यावर लावायचं वेगळं औषध, आणि आईच्या स्तनाग्रांवरही उपचार. दोघांचा एकत्र केला नाही तर बुरशी बाळाकडून आईकडे आणि आईकडून बाळाकडे फिरत राहते. जुलाबांसाठी ओआरएस आणि झिंकचं सिरप १४ दिवस. बाळाला पाजायचं झिंक आणि बाहेरून लावायचं झिंक यांत आईचा गोंधळ झाला होता, तो चिठ्ठीवर मराठीत लिहून सोडवला. अँटिबायोटिकचा कोर्स संपलेला होता, दुसरा दिला नाही.

यापुढचा भाग चिठ्ठीवर मावत नाही, तो बोलावा लागतो. शी झाली की लगेच बदलायचं, रात्री असली तरी. नुसती लघवी असेल तर या वयात तीन-चार तासांनी. पुसायला कोमट पाणी आणि कापूस, किंवा मऊ जुनं सुती कापड. साबण रोज नको, आणि लागलाच तर बिनवासाचा. कातडी चांगली असताना वाइप्स वापरायला माझी हरकत नसते, सोललेल्या कातडीवर मात्र त्यांतले वास आणि जपणूक करणारी रसायनं झोंबतात. पुसून झाल्यावर चोळायचं नाही, कापडाने टिपायचं, आणि घडी उघडून आतही टिपायचं. मग थोडा वेळ तसंच उघडं सोडायचं.

उघडं सोडायचं म्हटल्यावर आई कुरकुरली. रांगणारं पोर, घरभर शू करणार. आजी मात्र खूश झाल्या. "आमची पोरं उघडीच हिंडायची हो घरभर, कुणाला झाला होता हा रॅश?" त्यांचं अर्धं बरोबर होतं. मोकळ्या हवेचा फायदा खराच. पण त्यांच्याच घरात लंगोट निर्जंतुक करायचे म्हणून दर धुण्यात जंतुनाशक टाकायची सवय होती, आणि त्याचा कापडात राहिलेला अंश बाळाच्या कातडीला जाळतो. ते बंद केलं. साध्या साबणाने धुऊन भरपूर पाण्यात दोनदा खळबळायचं, ऊन असेल तर उन्हात, नाहीतर शेवटी इस्त्री फिरवून ओल घालवायची.

लंगोट की डायपर, हा प्रश्न या घरातही विचारला गेला. ओल शोषून धरणारं चांगलं डायपर वेळेवर बदललं तर ते अर्धवट ओल्या लंगोटापेक्षा चांगलंच, आणि कोरडा, स्वच्छ लंगोट ओथंबलेल्या डायपरपेक्षा चांगला. पावसाळ्यात आणि जुलाब चालू असताना मी डायपरकडे झुकते. मेणकापडाचं वेष्टण घातलेला लंगोट मात्र कुठल्याच ऋतूत नको, त्यात दोन्हींचे दोष एकत्र येतात.

मध्येच अडलेली गाडी

तिसऱ्या दिवशी पुळ्या बसायला लागल्या होत्या. पाचव्या दिवशी आईचा फोन आला, डाव्या जांघेत पुन्हा लाल आणि ओलं. बोलावून घेतलं. घडी उघडली तर आत मलमात मळलेल्या पावडरीच्या करड्या गुठळ्या. आजींनी कुणाला न सांगता पावडर पुन्हा सुरू केली होती, "मलमाने चिकट होतं म्हणून". या गुठळ्या कातडीला घासतात, ओल धरतात. त्यात टाल्कची पावडर बाळाच्या नाकातोंडाशी उडाली तर फुफ्फुसांत जाण्याचा धोका, आणि बोरिक ऍसिड असलेली पावडर तर बाळाजवळ कधीच येता कामा नये, सोललेल्या कातडीतून ते शरीरात भिनतं. आजींना मी पावडरीचा डबा कपाटात ठेवायला सांगितलं नाही, घरातून काढायला सांगितलं. गुठळ्या थोड्या तेलाने भिजवून हलकेच काढल्या. पुढे अडचण आली नाही.

वेगळं काही असतं तर

सगळ्या लाल जागा कँडिडाच्या किंवा ओलीच्या नसतात. शीच्या जागेभोवती ठसठशीत लाल कडं, शी करताना बाळ किंचाळतं, शीला रक्त लागतं, तर स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूचा विचार करावा लागतो आणि तिथे तोंडातून अँटिबायोटिक लागतं. पाण्याने भरलेले, सहज फुटणारे फोड असतील तर वेगळा जीवाणू. ढुंगणाबरोबर तोंडाभोवती, हातापायांच्या टोकांनाही चट्टे, केस विरळ होणं आणि न थांबणारे जुलाब एकत्र दिसले, तर झिंकच्या तीव्र कमतरतेचा आजार असू शकतो, त्याचा एक प्रकार जन्मजात असतो आणि अंगावरचं दूध कमी झाल्यावर उघडा पडतो. घड्यांमध्ये चिरा, बारीक रक्ताळलेले ठिपके, डोक्यावर जाड खपल्या आणि कशालाच दाद न देणारी रॅश, हे चित्र क्वचित पण गंभीर अशा रक्तपेशींच्या आजाराचं असू शकतं, आणि तिथे कातडीचा तुकडा काढून तपासायला उशीर करून चालत नाही.

घरच्यांसाठी याचा व्यवहारी अर्थ इतकाच: रॅशबरोबर ताप, फोड, पू, रक्त, दूध न पिणं, किंवा बाळ सहा आठवड्यांपेक्षा लहान असेल तर घरगुती उपाय करत थांबू नये. बाकीच्या वेळी नीट काळजी घेऊनही दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर दाखवावं, आणि दाखवेपर्यंत नुसतं झिंक ऑक्साइड लावावं.

पुढे

दहाव्या दिवशी कातडी सपाट आणि कोरडी होती, तोंडही स्वच्छ. क्लोट्रिमॅझोल आणखी काही दिवस चालू ठेवायला सांगितलं, कारण दिसायला बरं झाल्यावर लगेच थांबवलं की बुरशी परतते. तिसऱ्या आठवड्यात आजी एकट्याच बाळाला घेऊन आल्या, आवाज खाली करून विचारायला. जांघेत फिकट पांढरे डाग राहिले होते. "कोड तर नाही ना हो हे?" सूज येऊन गेलेल्या जागी कातडीचा रंग काही काळ फिका पडतो, तीव्र स्टिरॉइडनेही पडतो, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत भरतो. कोडाचे डाग खडूसारखे पांढरे, कडा स्पष्ट. हे धूसर कडांचे होते. दाखवून समजावलं तरी त्यांचा पूर्ण विश्वास बसला नसावा, कारण पुढच्या लसीच्या वेळी त्यांनी आधी लंगोट सोडून डागच दाखवले. रंग बराचसा भरला होता.

राहिले वडील. ते एका फेरीला आले तेव्हा त्यांच्या नायट्याची चौकशी केली. तीच ट्यूब ते कित्येक महिने लावत होते, थांबवली की खाज दुप्पट, चट्टा जांघेतून कंबरेपर्यंत पोचलेला. त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, टॉवेल आणि अंतर्वस्त्रं वेगळी धुवायला सांगितली, बाळाचे कपडे त्यांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत असंही सांगितलं. बाळाची रॅश दोन आठवड्यांत गेली. वडिलांचं औषध अजून चालू आहे.